लोहपुरुष होण्याची घाई

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर जवळ आला की पणजीच्या मीरामार किनाऱ्यावरची छायाचित्रे वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर झळकू लागतात. पहाटेचा समुद्र, रंगीत टोप्या घातलेले शेकडो स्पर्धक, मग सायकलींची रांग आणि शेवटी उन्हात धावणारी, घामाने निथळणारी माणसे. २०१९ मध्ये गोव्यात 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा प्रथम झाली. करोनाकाळातील खंड सोडला तर ती आता चांगलीच रुळली आहे. २०२४ मध्ये खासदार तेजस्वी सूर्या यांनी ती पूर्ण केली, तेव्हा क्रीडापानावरची ही बातमी पहिल्या पानावर आली. त्याआधी मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पूर्ण अंतराची आयर्नमॅन पार केली होती. पोलीस अधिकारी कृष्णप्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये तीच कामगिरी केली. कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांतून डॉक्टर, अभियंते, शिक्षक, व्यापारी मोठ्या संख्येने या वाटेला लागले आहेत.

हे चित्र आनंदाचे आहे यात शंका नाही. २०२४ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे साडेतेरा कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील माणसे असल्याचे दाखवून दिले. अशा देशात चाळिशीतला माणूस पहाटे पाचला उठून तलावावर जातो, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच बातमी आहे. पण या बातमीला दुसरी बाजूही आहे. 'सहा महिन्यांत शून्यापासून आयर्नमॅन' अशी स्वप्ने विकली जातात, तेव्हा आत्मविश्वास आणि दमसास या दोन गोष्टींची वाढ वेगवेगळ्या गतीने होते, हे कोणी सांगत नाही.

पैजेतून जन्मलेली स्पर्धा

पोहणे, सायकल आणि धावणे एकामागोमाग करण्याची आधुनिक ट्रायथलॉन १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे सुरू झाली. तिचे अतिलांब रूप मात्र १९७८ मध्ये हवाई बेटांवर आले. सर्वांत दमदार कोण, पोहणारा, सायकलपटू की धावपटू, या गप्पांमधून नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवशी जोडण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आज पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. गोव्यात होणारी स्पर्धा त्याच्या निम्मी, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची. एकूण ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० च्या सिडनी स्पर्धेपासून आहे आणि तिथली अंतरे बरीच कमी आहेत: दीड, ४० आणि १० किलोमीटर. त्याहून लहान 'स्प्रिंट' प्रकारात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते.

ही अंतरे नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. आपल्याकडे 'ट्रायथलॉन' आणि 'आयर्नमॅन' हे शब्द जणू एकच असल्यासारखे वापरले जातात. नवख्याला या खेळातली पहिली पायरी दिसतच नाही, दिसतो तो थेट कळस.

आत्मविश्वास येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये माणसाच्या स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सिद्धान्त मांडला. हा विश्वास चार वाटांनी येतो, असे त्यांचे म्हणणे होते. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः एखादे काम पार पाडल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ते करताना पाहणे. तिसरी, विश्वासू व्यक्तीने दिलेला धीर. चौथी, शरीराकडून येणाऱ्या संदेशांचा आपण लावलेला अर्थ. धडधड वाढली म्हणजे आता काही खरे नाही, असे एकाला वाटते, तर व्यायामाने हृदय काम करते आहे, असे दुसऱ्याला.

ट्रायथलॉनचा सराव या चारही वाटा एकदम उघडतो. सरावाची रचनाच अशी असते की आठवड्यातून सात-आठ वेळा एखादे छोटे उद्दिष्ट पूर्ण होते. सोमवारी न थांबता २०० मीटर पोहता आले, बुधवारी चढावर सायकलवरून उतरावे लागले नाही, शनिवारी पाच किलोमीटर पूर्ण झाले. प्रत्येक वेळी मेंदूत नोंद होते की हे जमते. तीन खेळांपैकी एखाद्यात आठवडा वाईट गेला तरी दुसऱ्यात गाडी पुढे सरकलेली असते. एकाच खेळात अडकलेल्या माणसाला ही सोय नसते. गटात सराव करणारा आपल्याच वयाचा, आपल्याइतकेच पोट सुटलेला सोबती पुढे जाताना दिसला की 'याला जमते तर मलाही जमेल' ही भावना आपोआप येते.

चौथी वाट मध्यमवयीनांसाठी फार मोलाची आहे. बैठ्या माणसाला जिना चढतानाची धाप ही आजाराची खूण वाटते आणि तो हालचाल आणखी कमी करतो. नियमित सरावाने तो धाप आणि धोका यांतील फरक ओळखू लागतो. पाण्यात श्वास रोखल्याची भीती, उतारावर ब्रेक दाबण्याची भीती, आपण शेवटचे येऊ ही लाज, अशा छोट्या-छोट्या भीतींवर मात करत हा आत्मविश्वास बनतो. त्याचे पडसाद कामात आणि घरातही उमटतात. पदक त्यात फार तर शिक्कामोर्तबाचे काम करते. खरी कमाई त्याआधीच्या शेकडो पहाटांची असते.

दमसास कसा वाढतो?

१९६७ मध्ये जॉन हॉलॉझी या शास्त्रज्ञाने उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवून त्यांच्या स्नायूंचा अभ्यास केला. स्नायूपेशींतील ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे मायटोकाँड्रियांची, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे त्यांना आढळले. दमसासामागचे मूलभूत जीवशास्त्र तेव्हापासून उलगडत गेले. सराव सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकते आणि नाडी थोडी मंदावते. पुढच्या दीड-दोन महिन्यांत स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया वाढतात. शरीर चरबीचा वापर अधिक चांगला करू लागते, त्यामुळे साखरेचा साठा जास्त वेळ पुरतो.

स्नायूला हाडाशी जोडणारे कंडर आणि प्रत्यक्ष हाडे मात्र या घाईत सामील होत नाहीत. कंडरांतील कोलॅजेन बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. हाडाची जुनी पेशीरचना काढून नवी घालण्याचे एक आवर्तन तीन-चार महिन्यांचे असते आणि त्या काळात हाड थोडे कमकुवतही असते. नवख्या धावपटूंच्या नडगीत आणि पावलांत सूक्ष्म तडे जाण्याचे प्रकार साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसतात, त्याचे कारण हेच. हृदय आणि फुप्फुसे म्हणतात, 'अजून पळ'. हाड म्हणते, 'थांब'. आणि या दोघांच्याही पुढे धावत असते ते मन.

या विषयातील खरी मेख इथेच आहे. सर्वांत आधी आत्मविश्वास वाढतो, मग हृदय, मग स्नायू आणि सर्वांत शेवटी हाडे-कंडरे. चांगला प्रशिक्षक म्हणजे या चौघांना एका रांगेत चालवणारा माणूस. ट्रायथलॉनचा एक मोठा गुण असा की पोहणे आणि सायकल यांत सांध्यांवर आदळआपट नसते. त्यामुळे हृदयाचा सराव भरपूर होतो आणि हाडांना वेळ मिळतो. धावण्याचा हट्ट आवरला तर हा खेळ चाळिशीनंतरच्या शरीराला मॅरेथॉनपेक्षा अधिक मानवतो.

पाण्यातला धोका

अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांमधील १९८५ ते २०१६ या काळातील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास २०१७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. अपघाती मृत्यू धरून अशा १३५ घटना त्यात नोंदल्या आहेत. प्रमाण एक लाख स्पर्धकांमागे पावणेदोनच्या आसपास, म्हणजे एकंदरीत धोका कमीच. पण त्यातील तपशील बोलके आहेत. सरासरी वय ४७, त्यांत ८५ टक्के पुरुष. दोनतृतीयांश घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या. साठीपुढच्या पुरुषांत हे प्रमाण लाखामागे १८ च्या वर गेले. शवविच्छेदनाचे अहवाल उपलब्ध असलेल्या ६१ पैकी २७ जणांत हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे आधीपासूनचे विकार आढळले.

पोहतानाच धोका का? स्पर्धेचा ताण, एकदम उसळलेले ॲड्रेनॅलिन, गर्दीत बसणारे हातपाय, तोंडात जाणारे पाणी. शिवाय चेहरा पाण्याखाली गेला की नाडी मंदावणारी एक नैसर्गिक प्रतिक्रिया होते. एकीकडे नाडी वाढवणारे आणि दुसरीकडे ती कमी करणारे असे उलटसुलट संदेश हृदयाला एकाच वेळी मिळतात. हृदयात आधीच दोष असेल तर ठोक्यांची लय बिघडायला एवढे पुरते. जमिनीवर चक्कर आली तर माणूस खाली बसतो. पाण्यात ती सोय नाही आणि किनाऱ्यावरून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

भारतीयांच्या बाबतीत याला आणखी एक जोड आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, ५३ व्या वर्षाच्या आसपास, येत असल्याचे दिसले. म्हणजे ज्या वयात आपला माणूस ट्रायथलॉनकडे वळतो, त्याच वयात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या धोक्याच्या वळणावर असतात. शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उच्च रक्तदाब किंवा मधुमेह प्रथमच सापडणारे अनेक जण 'मला काहीच त्रास नव्हता' असे सांगतात. तंदुरुस्त दिसणे आणि निरोगी असणे यांतील अंतर तपासणीशिवाय कळत नाही.

उन्हाचा, पाण्याचा आणि गोळ्यांचा हिशेब

युरोपातील थंड हवेत लिहिलेले सरावाचे तक्ते आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळू लागला तर तो श्रमजन्य उष्माघात समजावा. अशा वेळी आधी गार पाण्यात बसवून किंवा भरपूर गार पाणी ओतून अंग थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम जीव वाचवतो. उकाड्याशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. वातानुकूलित व्यायामशाळेत सराव करून थेट किनाऱ्यावर उतरणे म्हणूनच धोक्याचे.

पाणी कमी पिणे वाईट, तसेच भीतीपोटी जास्त पिणेही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले. त्यामागे शर्यतीत अति पाणी पिणे हे प्रमुख कारण होते. तहानेनुसार पिणे आणि लांब सरावाच्या आधी-नंतर वजन करून पाहणे हा सोपा मार्ग आहे. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. खाण्याचेही तसेच. लांब सरावात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. ती महागड्या पाकिटांतूनच यायला हवीत असे नाही. केळे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की यांतूनही ती मिळतात.

सर्वांत दुर्लक्षित धोका वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघा दुखतो म्हणून सरावाआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय अनेकांना असते. अंगातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. शिवाय वेदना हा शरीराचा इशारा असतो. तो बंद करून पळणे म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून तिची वायर कापणे.

स्त्रियांसाठी एक तपासणी तर पहिल्याच दिवशी व्हायला हवी: हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. दमसास म्हणजे अखेर स्नायूंपर्यंत ऑक्सिजन पोहोचवणे. तो वाहून नेणारे रक्तच फिके असेल तर कितीही सराव करून थकवाच पदरी पडतो आणि 'आपल्याला जमत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सराव वाढवूनही आहार तोच राहिला तर पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात. पाळी बंद होणे ही कसून सराव केल्याची पावती नाही, ती उपासमारीची खूण आहे.

घाई न करता

मग सुरुवात कशी करावी? पस्तिशी ओलांडलेल्या, विशेषतः धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात लवकर हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तीने आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ताण चाचणी करावी. श्रमाने छातीत दडपण येणे, भोवळ येणे किंवा ठोके अनियमित वाटणे ही लक्षणे असतील तर तपासणी होईपर्यंत सराव थांबवावा. तापात सराव करू नये.

पहिले तीन महिने फक्त सवय लावण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल अंगवळणी पडली की मग पोहण्याचे तंत्र प्रशिक्षकाकडून शिकावे. सरावाचा बराचसा, साधारण ८० टक्के, भाग बोलता येईल इतक्याच वेगाने करावा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. आठवड्यातून दोनदा स्नायूबळाचे व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती आणि रोज सात तासांची झोप हा सरावाचाच भाग समजावा. सहा महिन्यांनी स्प्रिंट, वर्षभराने ऑलिम्पिक अंतर आणि त्यानंतर मन व शरीर दोन्ही तयार असतील तर ७०.३, असा क्रम ठेवावा. तलावात आरामात दोन किलोमीटर पोहणाराही समुद्रात बिचकतो. त्यामुळे लाटांचा सराव आधी, सोबतीने आणि जीवरक्षकांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

आरोग्यासाठी पूर्ण आयर्नमॅनची गरज नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. व्यायामाचा सर्वाधिक लाभ शून्यापासून मध्यम पातळीवर येताना मिळतो. त्यापुढे तो वाढतो, पण मंदावत. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या बर्फावरील घसरशर्यतीतल्या ५० हजारांहून अधिक स्पर्धकांच्या अभ्यासात वारंवार आणि वेगाने शर्यत पूर्ण करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण थोडे जास्त दिसले. याने घाबरण्याचे कारण नाही. पण 'जितके जास्त तितके चांगले' हे गणित मात्र चुकीचे ठरते.

प्रश्न केवळ व्यक्तीचा नाही

या खेळाची खरी मर्यादा इच्छाशक्तीची नाही, सोयींची आहे. सायकलींच्या किमती लाखाच्या घरात जातात, प्रवेशशुल्क जबर असते. पोहण्याचा तलाव नसलेली तालुक्याची गावे कितीतरी आहेत. शहरातील रस्त्यांवर पहाटे सायकल चालवणाऱ्याला भरधाव ट्रकची भीती आणि मुलींना त्याखेरीज आणखी वेगळी भीती. नद्यांचे तर बोलायलाच नको. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सीन नदीचे पाणी दूषित असल्याने पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. १९९८ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ट्रायथलॉनसाठी तलावात पोहलेल्या स्पर्धकांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली होती. दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण पाहणाऱ्या महाराष्ट्र-गोव्याने यातून योग्य तो बोध घ्यावा. पाण्याची तपासणी आणि तिचे निकाल जाहीर करणे हे आयोजकांवर बंधनकारक असायला हवे. पाण्यावर पुरेसे जीवरक्षक, किनाऱ्यावर हृदय पुन्हा सुरू करणारे यंत्र आणि गार पाण्याचे टब हवेत, आणि चाळिशीपुढील स्पर्धकांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रामागे सहीपुरती नव्हे तर खरी तपासणी हवी.

नगरपालिकांनी बंद पडलेले जलतरण तलाव सुरू करणे, शाळेत प्रत्येक मुलाला पोहायला शिकवणे, आठवड्यातून एक पहाट एखादा रस्ता सायकल आणि धावणाऱ्यांसाठी मोकळा ठेवणे, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. त्यातून किती लोहपुरुष घडतील ते सांगता येणार नाही. पण पोहता येणारी, दम न लागता जिना चढणारी आणि स्वतःच्या शरीरावर डोळस विश्वास असणारी माणसे मात्र वाढतील. गोव्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी हजार-दोन हजार जण पदक घेऊन परततात. रुग्णालयांवरचा भार हलका व्हायचा असेल, तर पदकाशिवायच रोज तासभर घाम गाळणाऱ्यांची संख्या वाढणे अधिक गरजेचे आहे.